जुन्या तारांचा इतिहास



आमच्या जुन्या घराचं काम काढलंय. टाइल्सचा रंग ठरवण्याआधी वायरिंग पाहिलं, आणि तीन पिढ्यांचा संसारच समोर आला.

माळ्यावर सागवानी पट्टीवर ठोकलेल्या काळ्या रबरी तारा आणि चिनीमातीचा फ्यूज, हे आजेसासूबाईंच्या काळचं. वीज आली ती कंदिलाच्या जागी. जेवणं सूर्यास्तापूर्वी उरकत, त्यामुळे स्वयंपाकघरात एकच दिवा. सासूबाईंच्या वेळी फ्रीज, मिक्सर आले, नवी वायर ओढली ती ॲल्युमिनियमची. १९६०-७० च्या दशकांत तांबं मोठ्या प्रमाणावर परदेशातून आणावं लागे, म्हणून अनेक घरांत ॲल्युमिनियमच पडलं.

"इतकी वर्षं चाललंय ना?" असं घरात कुणीतरी म्हणतंच. पण ६० वॉटचा दिवा पाव अँपिअर घेतो, २००० वॉटचा गिझर जवळजवळ ९! रबर वाळून तडकतं, ॲल्युमिनियमचे जोड सैल होऊन तापतात. वरून फ्यूजमध्ये जाड तार घातली, की राखणदारच झोपला.

आपण पाणी गाळतो, धान्य निवडतो. हाही यत्नाचारच. आग माणसं आणि पट्टीमागच्या पाली-मुंग्या असा भेद करत नाही.

म्हणून सगळी वायर तांब्याची, अर्थिंग नवं, आणि ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी. प्लास्टर होण्याआधीच. जुन्या पट्ट्या मात्र दिवसाउजेडी, हलक्या हातानं काढायला सांगा.