किरकोळ अपघातानंतर चाकांची तपासणी : काय पाहावे, काय विचारावे

अंधारात उभ्या असलेल्या ट्रॅक्टरच्या ट्रॉलीला निसटती धडक बसणे, दुभाजकाच्या कडेवर चाक आदळणे, समोरच्या वाहनाला वाट देताना गाडी साइडपट्टीवरून खाली उतरणे, असे अपघात वाशिम जिल्ह्यातील रस्त्यांवर नवे नाहीत. कोणाला दुखापत झालेली नसते, बंपर थोडा दबलेला असतो. डेंटिंग-पेंटिंग झाले की गाडी पूर्ववत झाली, असा समज होतो. प्रत्यक्षात आघात चाकावर बसला असेल, तर खरे नुकसान पत्र्याच्या आड, म्हणजे सस्पेन्शन आणि स्टिअरिंगच्या भागांत दडलेले असू शकते.

वाशिम, रिसोड, मालेगाव, मंगरुळपीर, कारंजा आणि मानोरा या सहा तालुक्यांचा हा जिल्हा १ जुलै १९९८ रोजी अकोला जिल्ह्यातून वेगळा झाला. गावरस्त्यांवर ताशी चाळीस किलोमीटर वेगाने जाताना न जाणवणारा दोष महामार्गावर घातक ठरतो. कारंजा, मंगरुळपीर व मालेगाव तालुक्यांतून जाणारा समृद्धी महामार्ग ११ डिसेंबर २०२२ रोजी नागपूर ते शिर्डी असा खुला झाला आणि ५ जून २०२५ रोजी त्याचा अखेरचा टप्पा सुरू झाला. या मार्गावर मोटारींना ताशी १२० किलोमीटरची मर्यादा आहे. वाकलेला टाय रॉड किंवा आतून फाटलेला टायर घेऊन त्या वेगाने जाणे म्हणजे जिवाशी खेळ होय.

अपघातस्थळी प्रथम काय पाहावे?

गाडी सुरक्षित जागी उभी करून चारही चाके पाहावीत. एखादे चाक मडगार्डच्या कमानीत मागे सरकलेले दिसणे, टायर कुठे घासणे, चाकाजवळ ब्रेक ऑइल गळणे किंवा स्टिअरिंग जड होणे यांपैकी एकही लक्षण असेल, तर गाडी चालवत नेऊ नये. ती टो करून न्यावी. टायरच्या बाजूच्या भिंतीवर फुगवटा आला असल्यास आतील दोरे तुटलेले असतात. असा टायर दुरुस्त होत नाही, बदलावाच लागतो.

मोजपट्टीची साधी परीक्षा

सपाट जागेवर स्टिअरिंग सरळ ठेवून पुढच्या चाकाच्या मध्यापासून मागच्या चाकाच्या मध्यापर्यंतचे अंतर दोन्ही बाजूंनी मोजावे. टायर आणि मडगार्ड यांमधील मोकळी जागाही तशीच मोजावी. दोन्ही बाजूंत काही मिलिमीटरचा फरक असू शकतो. मात्र तो डोळ्यांना दिसण्याइतका असेल, तर लोअर आर्म, सबफ्रेम किंवा मागचा आस वाकल्याचा संशय घ्यावा.

गाडी चालवताना मिळणारे संकेत

वरील दोष नसल्यास मोकळ्या सरळ रस्त्यावर कमी वेगाने गाडी चालवून पाहावी. पाणी वाहून जाण्यासाठी रस्त्याला कडेकडे उतार असतो, त्यामुळे गाडी किंचित डावीकडे जाणे स्वाभाविक आहे. ओढ स्पष्ट असेल, तर तिची कारणे अनेक असतात. पुढच्या दोन चाकांची अदलाबदल केल्यावर ओढीची दिशा बदलली, तर दोष टायरमध्ये आहे. ती तशीच राहिली, तर चाकांचे कोन किंवा अडकलेला ब्रेक तपासावा. एकाच दिशेने फिरणारे टायर मात्र असे बदलू नयेत.

गाडी सरळ धावते पण स्टिअरिंग तिरके राहते, तेव्हा टाय रॉड वाकलेला असू शकतो किंवा मागच्या चाकांची दिशा बिघडलेली असू शकते. वेग वाढताच स्टिअरिंग थरथरत असेल, तर रिम वाकल्याची किंवा बॅलन्सिंग गेल्याची शक्यता असते. खड्ड्यावर ‘खट्‌’ असा आवाज आल्यास बॉल जॉइंट, लिंक रॉड किंवा शॉकअपचे वरचे माउंटिंग पाहावे. वळताना कमी-जास्त होणारा घुमणारा आवाज बहुधा व्हील बेअरिंगचा असतो.

यानंतर गाडी जॅकवर उचलून चाक हलवून पाहिले जाते. चाक वर-खाली धरून हलवल्यावर ढिले वाटल्यास बॉल जॉइंट किंवा बेअरिंग आणि डावी-उजवीकडे धरून हलवल्यावर ढिले वाटल्यास टाय रॉड एंड संशयास्पद ठरतो. ओल्या काळ्या मातीत जॅक खचतो, म्हणून ही तपासणी काँक्रीटच्या फरशीवर आणि गाडीखाली पक्के स्टँड लावूनच करावी.

अलाइनमेंटचा कागद कसा वाचावा?

अलाइनमेंटच्या यंत्रातून निघणाऱ्या कागदावर तीन कोन मुख्य असतात. समोरून पाहताना चाकाचा आत-बाहेर कल म्हणजे कॅम्बर. बाजूने पाहताना ज्या आसाभोवती चाक वळते त्याचा पुढे-मागे कल म्हणजे कॅस्टर. वरून पाहताना चाकांची तोंडे आत वा बाहेर वळलेली असणे म्हणजे टो. ज्या बाजूचा कॅम्बर अधिक धन किंवा कॅस्टर कमी, त्या बाजूला गाडी ओढते. धडकेने चाक मागे ढकलले गेले की त्या बाजूचा कॅस्टर कमी होतो.

मारुती ८०० पासून आजच्या बहुतेक लहान गाड्यांपर्यंत पुढे मॅकफर्सन स्ट्रट प्रकारचे सस्पेन्शन आढळते. अशा बहुसंख्य गाड्यांत पुढचा टो तेवढा फिरवून बसवता येतो. कॅम्बर व कॅस्टर भागांच्या रचनेनेच ठरलेले असतात. त्यामुळे ते मर्यादेबाहेर गेले असल्यास कोणता तरी भाग वाकला आहे, असाच अर्थ घ्यावा. केवळ टो जुळवून ‘अलाइनमेंट झाली’ असे सांगितले जात असेल, तर मूळ दोष तसाच राहिला आहे.

यंत्र वळण-आसाचा आतील कलही मोजत असेल, तर निदान अधिक नेमके होते. हा कल योग्य पण कॅम्बर चुकलेला असल्यास शॉकअपची नळी किंवा नकल वाकलेली असते. दोन्ही चुकले, पण त्यांची बेरीज योग्य राहिली, तर वरचा टॉवर, लोअर आर्म किंवा सबफ्रेम जागेवरून हलली आहे. तपासणीपूर्वी हवेचा दाब योग्य आणि गाडी रिकामी असावी, ढिले भाग आधी बदललेले असावेत. अन्यथा आकडे फसवे येतात. चारही चाकांची तपासणी करून घ्यावी, कारण मागचा आस तिरका असल्यास पुढची चाके कितीही जुळवली तरी गाडी तिरकीच धावते.

टोमधील दोषाची किंमत साध्या गणिताने कळते. दोन्ही पुढची चाके पाव-पाव अंश आत वळलेली असतील, तर प्रत्येक चाक दर किलोमीटरला सुमारे चार मीटर आडवे घासते. वाशिम ते अकोला या सुमारे ८० किलोमीटरच्या प्रवासात ही घसट साडेतीनशे मीटरच्या आसपास जाते. टायरची एकच कड काही महिन्यांत गुळगुळीत का होते, याचे उत्तर यात आहे.

दुरुस्ती आणि विमा

लोअर आर्म, नकल, टाय रॉड यांसारखे भाग तापवून किंवा ठोकून सरळ करणे धोक्याचे आहे. धातूला पडलेली सूक्ष्म चीर दिसत नाही आणि असा भाग पुढे अचानक तुटू शकतो. तो नवाच बसवावा. रबरी बुशचे बोल्ट गाडी चाकांवर उभी असतानाच अखेरचे आवळावेत, नाहीतर बुश लवकर फाटतात. दुरुस्तीपूर्वीचा आणि नंतरचा, असे अलाइनमेंटचे दोन्ही कागद मागून घ्यावेत. इलेक्ट्रॉनिक स्थैर्य प्रणाली असलेल्या गाडीत स्टिअरिंगचा सेन्सरही नव्याने जुळवावा लागतो.

विम्याचा दावा करायचा असल्यास गाडी उघडण्यापूर्वी कंपनीला कळवावे, छायाचित्रे काढावीत आणि सर्व्हेअरला केवळ बंपर न दाखवता चाकाखालील भाग व अलाइनमेंटचा कागदही दाखवावा. पत्र्याचे काम उरकल्यानंतर सस्पेन्शनचा दोष सांगितल्यास तो जुन्या झिजेत मोडतो, असे म्हणण्यास जागा मिळते. आणि नेहमीची झीज विम्यात येत नाही. सर्वसाधारण पॉलिसीत रबर व प्लास्टिकच्या भागांवर ५० टक्के घसारा कापला जातो. केवळ टायरचे नुकसान झाले असेल आणि गाडीला इजा नसेल, तर भरपाई मिळत नाही. सेवेतील त्रुटीबद्दल १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवता येते.

दुरुस्तीनंतर पहिले काही दिवस गाडी मध्यम वेगानेच चालवावी आणि सुमारे हजार किलोमीटरनंतर टायरच्या दोन्ही कडांवरून हात फिरवून पाहावा. एक कड खरखरीत किंवा अधिक झिजलेली लागल्यास काम अपुरे राहिले आहे, असे समजून गाडी महामार्गावर नेण्यापूर्वी पुन्हा तपासून घ्यावी.