बास्केटबॉलची तालीम : ताकदीच्या भीतीपासून ताकदीच्या बाजारापर्यंत

आमच्या घरात ‘तालीम’ हा शब्द दोन अर्थांनी वापरला जाई. ‘पोरांना चांगली तालीम मिळाली पाहिजे’ असे अम्मी म्हणायची, तेव्हा तिच्या मनात शाळा आणि कॉलेज असे. अब्बांची तालीम म्हणजे गल्लीच्या टोकाला असलेली लाल मातीची खोली. तिथे जोर-बैठका चालत, मुद्गल फिरत आणि कुस्त्या होत. मूळ अरबी शब्दाचा अर्थ शिक्षण. मराठीने तो उचलला आणि आखाड्याला चिकटवून टाकला. शरीर कमावणे हेही शिक्षणच, असे इथल्या लोकांना वाटले असणार.

गेल्या वर्षी माझी भाची कॉलेजच्या बास्केटबॉल संघात निवडली गेली. पहिल्याच आठवड्यात प्रशिक्षकांनी मुलींना बजावले, ‘वजने उचलायची नाहीत. अंग आखडते, नेम जातो आणि मुलींचे शरीर पुरुषी होते.’ घरी आल्यावर तिने विचारले, ‘‘मामू, खरंच नेम जातो का?’’ मला उत्तर देता आले नाही. ते शोधताना लक्षात आले, की हाच प्रश्न अमेरिकेतल्या कॉलेजांनी कित्येक दशके चघळला होता, आणि त्याची सुरुवात व उत्तर दोन्ही एकाच शहरात सापडतात.

ताकदीला निरुपयोगी ठरवणारा खेळ

ते शहर म्हणजे मॅसॅच्युसेट्स राज्यातील स्प्रिंगफिल्ड. तिथे वायएमसीएचे शारीरिक शिक्षक घडवणारे विद्यालय होते. 1891 च्या हिवाळ्यात बाहेर बर्फ आणि आत तेच ते कवायतीचे प्रकार, यामुळे विद्यार्थी कंटाळले होते. त्या काळातील अमेरिकी व्यायामशाळांत ‘इंडियन क्लब’ फिरवण्याचा व्यायामही सर्रास चाले. हे इंडियन क्लब म्हणजे आपले मुद्गल. भारतात आलेल्या ब्रिटिश फौजेने ते पाहिले, उचलले आणि तिथून ते युरोप-अमेरिकेत गेले.

जेम्स नेस्मिथ या कॅनडात जन्मलेल्या तरुण शिक्षकावर या वर्गासाठी नवा खेळ शोधण्याची जबाबदारी आली. बंद खोलीत फुटबॉलसारखी धक्काबुक्की झाली, तर हाडे मोडणार हे त्याला दिसत होते. म्हणून त्याने लक्ष्य जमिनीवर न ठेवता डोक्याच्या वर, दहा फुटांवर ठेवले. चेंडू जोरात फेकून तिथे काही साधत नाही. तो कमानीत, अलगद टाकावा लागतो. पीच फळांच्या दोन करंड्या सज्जाला ठोकल्या गेल्या आणि 21 डिसेंबर 1891 रोजी अठरा विद्यार्थी पहिला सामना खेळले. तेरा नियमांपैकी एका नियमाने खांदा मारणे, धरणे, ढकलणे, पाडणे हे सगळे निषिद्ध ठरवले.

म्हणजे बास्केटबॉलचा जन्मच मुळी आडदांड ताकदीला बिनकामाची ठरवण्यासाठी झाला. पुढे प्रशिक्षकांनी वजनांना विरोध केला, त्यामागे या खेळाचा हा स्वभाव होता. वजने उचलणाऱ्याचे स्नायू ‘बांधले’ जातात, तो मंद होतो, मनगटातली नजाकत जाते, असा समज खेळाडू, डॉक्टर आणि शारीरिक शिक्षणाचे प्राध्यापक या सगळ्यांत पक्का होता. तो तपासून पाहण्याची गरज मात्र कोणाला वाटली नव्हती.

‘जरा पाठ खाजवून दाखवा’

पीटर कार्पोविच हे त्याच स्प्रिंगफिल्डच्या कॉलेजात शरीरक्रियाशास्त्र शिकवत. रशियात जन्मलेले डॉक्टर आणि वजनांचे कट्टर विरोधक. 1940 मध्ये बॉब हॉफमन हा बारबेल बनवून विकणारा उद्योजक आपले दोन खेळाडू घेऊन तिथे प्रात्यक्षिक दाखवायला आला. एक होता जॉन ग्रिमेक. दुसरा जॉन डेव्हिस, कृष्णवर्णीय भारोत्तोलक, जो 1938 मध्ये किशोरवयातच जगज्जेता झाला होता आणि पुढे 1948 व 1952 च्या ऑलिंपिकमध्ये सुवर्णपदके जिंकणार होता.

प्रात्यक्षिक संपल्यावर कार्पोविच उभे राहिले आणि त्यांनी ग्रिमेकला पाठ खाजवून दाखवायला सांगितले. इतके स्नायू असलेल्या माणसाचा हात स्वतःच्या पाठीपर्यंत पोहोचणारच नाही, अशी त्यांची खात्री होती. ग्रिमेक आधी गोंधळला. पाठीला खाज येत नसताना खाजवायचे कशाला? मग त्याने वरून, खालून, दोन्ही हातांनी पाठ खाजवून दाखवली. पाय आडवे फाकून तो जमिनीला टेकला. डेव्हिसने तर दोन्ही हातांत डंबेल धरून उलटी कोलांटी मारली. सभागृह हसत होते, पण कार्पोविच विचारात पडले.

मला या गोष्टीतला पुढचा भाग अधिक महत्त्वाचा वाटतो. कार्पोविच नुसते प्रभावित होऊन थांबले नाहीत. हॉफमनला बारबेल विकायचे होते, त्यामुळे त्याच्या शब्दावर विसंबून चालणार नव्हते. त्यांनी आपला विद्यार्थी विल्यम झोर्बास याच्यासह प्रयोग आखला. वजने उचलणारे तीनशे आणि न उचलणारे तीनशे, अशा सहाशे जणांच्या हाताच्या हालचालीचा वेग यंत्रावर मोजला. 1951 मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाला, तेव्हा वजने उचलणारे अधिक वेगवान निघाले होते. आपले मत चुकीचे होते, हे एका प्राध्यापकाने स्वतः मोजमाप करून जगापुढे ठेवले.

फुटबॉलच्या मागून

तरीही मैदानावरचे प्रशिक्षक लगेच बदलले नाहीत. सुरुवात तुरळक माणसांपासून झाली. लुइझियाना स्टेट युनिव्हर्सिटीचा बॉब पेटिट हा उंच आणि सडपातळ खेळाडू 1954 मध्ये व्यावसायिक बास्केटबॉलमध्ये गेला. तिथल्या दांडग्या खेळाडूंपुढे टिकण्यासाठी मोसम संपला, की तो बॅटन रूजच्या अल्विन रॉय या व्यायाम प्रशिक्षकाकडे वजने उचलू लागला. 1956 आणि 1959 मध्ये तो एनबीएचा सर्वोत्तम खेळाडू ठरला. त्याचा नेम काही गेला नाही.

कॉलेजांत खरा बदल अमेरिकी फुटबॉलने घडवला. 1969 मध्ये नेब्रास्का विद्यापीठाने बॉइड एप्ली या तरुणाला फुटबॉल संघाच्या ताकदीची जबाबदारी दिली. एप्ली बांबूउडी मारणारा खेळाडू. दुखापत झाल्यामुळे त्याचा वेळ वेट रूममध्ये जात असे. मुख्य प्रशिक्षक बॉब डेव्हनी यांची अट सरळ होती. एक जरी खेळाडू मंद झाला, तरी नोकरी गेली. जुनी भीती अजून जिवंत होती, हे यावरून कळते. नेब्रास्का 1970 आणि 1971 अशी दोन वर्षे राष्ट्रीय विजेते ठरले आणि एप्लीची नोकरी टिकली. 1978 मध्ये त्याच्या पुढाकाराने 76 स्ट्रेंथ कोच लिंकन शहरात जमले आणि त्यांची राष्ट्रीय संघटना उभी राहिली.

बास्केटबॉल यात मागे राहिला. तिथले मोठे खेळाडू आपापल्या वाटेने शरीर घडवत होते. करीम अब्दुल-जब्बार यूसीएलएत असताना ब्रूस लीकडे मार्शल आर्ट शिकले, पुढे योगाकडे वळले आणि वीस मोसम खेळून 42 व्या वर्षी निवृत्त झाले. नायजेरियाच्या लागोस शहरातून ह्यूस्टन विद्यापीठात आलेला हकीम ओलाजुवन उन्हाळ्यात तिथल्या सार्वजनिक व्यायामगृहात मोझेस मलोन या धिप्पाड व्यावसायिक खेळाडूशी झुंजायचा. तीच त्याची तालीम. त्याच्या विद्यापीठाने 1982 ते 1984 अशी सलग तीन वर्षे राष्ट्रीय स्पर्धेची उपांत्य फेरी गाठली.

व्यवस्था बदलली ती त्यानंतर, आणि त्यात नियमांचाही हात होता. 1991 पासून कॉलेज क्रीडा संघटनेने, म्हणजे एनसीएएने, मोसमात आठवड्याला वीस तासांची मर्यादा घातली. मोसमाबाहेर तर आठच तास, आणि त्यातला बराच वेळ शारीरिक तयारीसाठी होता. मुख्य प्रशिक्षक महिनोन् महिने खेळाडूला फारसे शिकवू शकत नव्हता. स्ट्रेंथ कोच मात्र रोज भेटत होता. हळूहळू खेळाडूला सर्वांत जवळून ओळखणारा माणूस तोच झाला.

काम काय चालते? मोसम संपला की जड वजनांच्या बैठका आणि डेडलिफ्ट. मोसम जवळ आला की वजन कमी आणि वेग जास्त. उडी म्हणजे जमिनीला दिलेला धक्का, आणि तो जितका मोठा व जितक्या कमी वेळात दिला जाईल तितकी उडी उंच. त्यासाठी सोव्हिएत प्रशिक्षक युरी वेर्खोशान्स्की यांनी विकसित केलेल्या उड्यांचे व्यायाम अमेरिकेत ‘प्लायोमेट्रिक्स’ या नावाने रुजले. त्याहून मोलाची गोष्ट म्हणजे उतरणे. उडी मारलेला खेळाडू खाली येतो, तेव्हा त्याच्या शरीराचा भार मांड्या आणि नितंबांनी झेलायचा असतो. ते कमजोर असतील तर भार गुडघ्यावर जातो.

2004 मध्ये कॅन्सस विद्यापीठाने अँड्रिया ह्युडी यांना नेमले. याच विद्यापीठात नेस्मिथने आपली बहुतेक कारकीर्द घालवली होती. एक स्त्री पुरुषांच्या नामांकित संघाचे शरीर घडवणार, हे तेव्हा अपूर्वाईचे होते. 2008 मध्ये तो संघ राष्ट्रीय विजेता झाला.

आकड्यांचा मोह

वजनांची भीती अशी गेली आणि तिच्या जागी वजनांचा मोह आला. 2007 मध्ये टेक्सास विद्यापीठाचा केव्हिन ड्युरंट एनबीएच्या निवडीपूर्वीच्या चाचणीत 185 पौंडांचा, म्हणजे सुमारे 84 किलोंचा बारबेल छातीवरून एकदाही उचलू शकला नाही. त्याची थट्टा झाली. त्या वर्षी पहिली पसंती मिळाली ग्रेग ओडेन या भरदार देहाच्या खेळाडूला. ओडेनचे गुडघे साथ देईनात आणि तो एनबीएत एकूण 105 सामनेच खेळू शकला. ड्युरंटने चार ऑलिंपिक सुवर्णपदके मिळवली.

यावरून ताकद निरर्थक ठरत नाही. डेव्हिडसन कॉलेजचा किरकोळ अंगाचा स्टीफन करी घ्या. एनबीएत गेल्यावर 2011 आणि 2012 मध्ये त्याच्या घोट्यावर शस्त्रक्रिया झाल्या. त्यानंतर त्याच्या संघाच्या प्रशिक्षकांनी त्याच्या नितंबांची ताकद वाढवली. पुढे तो सुमारे 180 किलोंची डेडलिफ्ट करू लागला, म्हणजे स्वतःच्या वजनाच्या दुपटीहून जास्त. बाहेरून तो तसाच सडपातळ दिसत राहिला. कोणती ताकद, कोणत्या सांध्यासाठी, हे कळायला हवे. आरशात दिसणारी आणि कागदावर मांडता येणारी ताकद वेगळी.

पण बाजाराला आकडे हवे असतात. 2006 पासून एनबीएने 19 वर्षांखालील खेळाडू घेणे बंद केले. त्यामुळे गुणवान मुले जेमतेम एक वर्ष कॉलेजात येतात. त्या वर्षात किती किलो वाढले, उडी किती इंचांनी वाढली, याची जाहिरात होते. 2021 पर्यंत या खेळाडूंना स्वतःच्या नावावर पैसे कमावण्याचीही मुभा नव्हती. त्यांच्या शरीरावर विद्यापीठांची तिकिटे विकली जात आणि शरीर मोडले तर भोग त्यांचे. फुटबॉलमध्ये याचे टोक दिसले. जानेवारी 2011 मध्ये आयोवा विद्यापीठात सुट्टीहून परतलेल्या खेळाडूंकडून शंभर बैठका वजनासह काढून घेतल्या गेल्या. तेरा जणांना स्नायू विरघळण्याच्या विकाराने रुग्णालयात जावे लागले. शागीर्दाची हालत न बघता घेतलेली मेहनत अब्बांच्या तालमीत वस्तादाला कोणी माफ केली नसती.

रोजा आणि गुडघा

चांगली तालीम कशी असते, याची दोन उदाहरणे मला जवळची वाटतात. 2023 मध्ये राष्ट्रीय स्पर्धेचे अखेरचे सामने रमजानमध्ये आले. कनेक्टिकट विद्यापीठाचा अदामा सानोगो, मूळचा आफ्रिकेतल्या मालीचा, रोजे ठेवून खेळत होता. त्याचा संघ विजेता झाला आणि अंतिम टप्प्यातला सर्वोत्तम खेळाडू म्हणून त्याचीच निवड झाली. 1995 च्या फेब्रुवारीत ओलाजुवननेही रोजे ठेवून एनबीएचा त्या महिन्याचा सर्वोत्तम खेळाडू हा मान मिळवला होता. असे यश एका महिन्याच्या जिद्दीवर मिळत नाही. वर्षभर कमावलेले शरीर असते, म्हणून त्या महिन्यात ते साथ देते.

दुसरे उदाहरण पुन्हा स्प्रिंगफिल्डचे. बिल्किस अब्दुल-कादिर ही तिथली मुलगी. शालेय सामन्यांत 3,070 गुण करून तिने मॅसॅच्युसेट्सचा विक्रम मोडला. मेम्फिस विद्यापीठात जाताच तिच्या गुडघ्याचा अस्थिबंध फाटला आणि पहिले वर्ष बाहेर बसून काढावे लागले. 2010 मध्ये ती मैदानात उतरली, ती कॉलेज बास्केटबॉलच्या सर्वोच्च विभागात हिजाब घालून खेळणारी पहिली खेळाडू म्हणून. पुढे व्यावसायिक खेळाची वाट आंतरराष्ट्रीय संघटनेच्या शिरोवस्त्रबंदीने अडवली. ती बंदी 2017 मध्ये उठली, तोवर तिची उमेदीची वर्षे निघून गेली होती.

गुडघ्याची अशी दुखापत उड्यांच्या खेळांत मुलींना मुलांपेक्षा कितीतरी जास्त होते. 1999 मध्ये सिनसिनाटीच्या संशोधकांनी शालेय मुलींना मोसमापूर्वी सहा आठवडे वजने आणि उड्यांचे प्रशिक्षण दिले. प्रशिक्षण न घेतलेल्या मुलींत गुडघ्याच्या गंभीर दुखापतींचे प्रमाण साडेतीन पटींहून अधिक आढळले. ‘मुलींनी तर नाहीच’ म्हणणाऱ्यांनी हा आकडा वाचायला हवा. मुलगी शिकावी, असे आपल्या मोहल्ल्यांत आता बहुतेक जण म्हणतात. तिने पळावे, उडी मारावी, इथवरही काही जण येतात. पण तिच्या हातात बारबेल दिसला, की आपल्या कपाळावर आठी पडते आणि त्या आठीची किंमत तिचा गुडघा मोजतो.

भाचीला मी एवढेच सांगितले, की नेम जात नाही, हे सत्तर वर्षांपूर्वी मोजून झाले आहे. आता ती आठवड्यातून दोनदा एका जाणत्या प्रशिक्षिकेकडे जाते. सुरुवातीला नुसती रिकामी दांडी खांद्यावर घेऊन बैठका काढायची. परवा तिने दांडीला पहिल्यांदा पाच-पाच किलोंच्या चकत्या लावल्या आणि मला फोटो पाठवला. मी तो अब्बांना दाखवला. चष्मा वर करून त्यांनी बराच वेळ पाहिला आणि म्हणाले, ‘‘पाठ सरळ आहे पोरीची. वस्ताद चांगला मिळालाय.’’