व्हिपल ऑपरेशन आणि कावीळ

स्वादुपिंडाच्या कॅन्सरवरच्या मोठ्या ऑपरेशनला व्हिपल म्हणतात. हे ॲलन व्हिपल १८८१ साली इराणातल्या उर्मियात, अमेरिकन मिशनरी कुटुंबात जन्मले आणि पुढे न्यूयॉर्कला सर्जन झाले. माझ्यासारख्या उर्दू शिकवणाऱ्याला त्यांचे नाव भेटले ते नेस्टोरियन आणि मुस्लिम वैद्यकाच्या इतिहासावरच्या त्यांच्या पुस्तकामुळे. ते १९६७ मध्ये, त्यांच्या मृत्यूनंतर निघाले.

१९३५ साली त्यांनी हे ऑपरेशन प्रसिद्ध केले, ते दोन टप्प्यांचे होते. स्वादुपिंडाच्या डोक्याशी गाठ आली की पित्तनळी दाबली जाते, कावीळ होते, आणि अशा रुग्णाचे रक्त लवकर गोठत नाही. म्हणून आधी फक्त पित्ताला वाट करून द्यायची, कावीळ उतरू द्यायची, मग काही आठवड्यांनी गाठ काढायची. खंगलेल्या माणसाला दोनदा भूल, दोनदा चिरफाड!

वाट दाखवली कोंबडीच्या पिलांनी. चरबी काढलेल्या खाद्यावरची पिले रक्तस्रावाने मरतात, हे डेन्मार्कच्या हेन्रिक डाम यांनी पाहिले. त्यातून व्हिटॅमिन के सापडले. पित्त आतड्यात उतरले नाही तर हे व्हिटॅमिन नीट शोषले जात नाही. काविळीतल्या रक्तस्रावाचे कारण हेच. ते औषध म्हणून हाताशी आल्यावर एकाच बैठकीत ऑपरेशन करण्याची भीती कमी झाली. १९४० साली व्हिपल यांनी तसे केले. डाम यांना १९४३ चे नोबेल मिळाले, एडवर्ड डोईझी यांच्यासोबत.

आपले नातेवाईक बाहेर बसून विचारतात, सर्जन कोण? आत भूलतज्ज्ञ कित्येक तास रक्तदाब, साखर, लघवीचे प्रमाण आणि अंगाची ऊब सांभाळत असतो. आदल्या दिवशी रक्त गोठण्याचा रिपोर्टही त्याने पाहिलेला असतो.