ब्लायटी : एका शब्दाचा उलटा प्रवास

पहिल्या महायुद्धांत फ्रान्स व बेल्जम येथील खंदकांत दिवस कंठणाऱ्या इंग्रज सोजिराच्या तोंडीं एक शब्द अखंड घोळत असे. तो शब्द म्हणजे ‘ब्लायटी’. त्याचा अर्थ इंग्लंड. परंतु नकाशावरचें इंग्लंड नव्हे, तर जेथें आई वाट पाहत आहे तें घर. या ब्लायटीला परत नेण्याची विनवणी करणारें एक गाणें १९१६ सालीं तिकडे फार गाजलें.

हा शब्द इंग्रजांना मिळाला तो हिंदुस्थानांत. ‘त्याला कोणी वाली नाहीं’ असें मराठींत म्हणतात. तो वाली मूळचा अरबी, म्हणजे कारभार पाहणारा अधिकारी. त्याच्या अमलाखालचा मुलूख ती ‘विलायत’. तुर्की साम्राज्यांत प्रांताला हेंच नांव होतें. फारशीच्या द्वारें हा शब्द इकडे आला, आणि त्याचा रोख दूरच्या परक्या मुलुखाकडे वळला. प्रथम इराण-तुराणाकडे, पुढें युरोपाकडे व अखेर इंग्लंडाकडे. यूल व बर्नेल यांच्या १८८६ सालच्या ‘हॉब्सन-जॉब्सन’ या कोशांत सोडावॉटरला ‘बिलायती पाणी’ म्हणत असल्याची नोंद आहे. मराठींतील विलायती चिंच तर मूळची मेक्सिकोकडची; पण परकी ती विलायती, एवढा हिशेब लोकांना पुरला.

उत्तरेकडील बोलींत ‘व’चा ‘ब’ होऊन ‘बिलायती’ हें रूप रूढ झालें. छावणींतल्या सोजिरानें तें ऐकलें, पहिला स्वर गिळला आणि ब्लायटी सिद्ध झाली. ‘देखो’वरून ‘डेको’ हा शब्दहि त्यानें असाच उचलला. मौज ही कीं, परमुलखाचें नांव त्यानें आपल्याच घराला दिलें.

खंदकांत या नांवाला आणखी एक अर्थ चिकटला. जीव घेणार नाहीं, परंतु मायदेशीं रवानगी करण्याइतपत खोल अशी जखम, तिलाहि ‘ब्लायटी’च म्हणत. अशी जखम झालेल्या सोबत्याचा इतरांना हेवा वाटे. कोणी तिच्यासाठीं स्वतःच्याच हातावर गोळी झाडून घेई. तें उघडकीस आल्यास लष्करी न्यायालयाची शिक्षा ठरलेली.

ज्यांच्या बोलींतून हा शब्द गेला, ते हिंदी शिपाईहि त्याच आघाडीवर होते. १९१४ च्या सप्टेंबरांत त्यांच्या पलटणी मार्सेल्स बंदरांत उतरूं लागल्या. जखमी झालेल्यांतील पुष्कळांना खरीखुरी विलायत पाहावयास मिळाली. ब्रायटन येथील राजवाड्यांत त्यांच्यासाठीं रुग्णालय उघडलें होतें व तेथें शुश्रूषाहि चांगली होई; परंतु बरे झालेल्यांना पुन्हां आघाडीवर धाडण्यांत येई. तपासनिसांच्या नजरेखालून गेलेल्या त्यांच्या पत्रांत याविषयींची तक्रार आढळते. सोजिराला जखमेनें घर दिसे. शिपायाचें घर मात्र सात समुद्रांपलीकडेच राही.

ब्रायटनच्या रुग्णालयांत मरण पावलेल्या ५३ हिंदु व शीख शिपायांचें दहन गांवाबाहेरील टेकडीवर झालें. त्या जागीं बांधलेल्या पांढऱ्या संगमरवरी स्मारकाचें अनावरण १९२१ सालीं झालें. इंग्रजी लिखाणांतहि त्याला ‘छत्री’ असेंच म्हणतात.