बहुश्रुत

ज्याचं वाचन दांडगं, ज्याला चार विषयांतलं कळतं, त्याला आपण बहुश्रुत म्हणतो. शब्दात मात्र वाचनाचा मागमूस नाही. ‘श्रु’ म्हणजे ऐकणं. बहुश्रुत म्हणजे ज्याने पुष्कळ ऐकलं आहे तो. पालीत त्याचं ‘बहुस्सुत’ झालं आणि बुद्धाच्या शिष्यांत ते बिरुद आनंदाकडे गेलं. जैनांच्या उत्तराध्ययनसूत्रात तर बहुश्रुताच्या गौरवाचं अख्खं प्रकरण आहे. कुणी म्हणेल, तेव्हा पोथ्या कुठे होत्या, ऐकण्यावाचून गत्यंतर काय? पण खुलताबादेत ज्याची कबर आहे, तो अमीर हसन सिज्झी फारसीचा नामांकित कवी, कागद-लेखणीतला माणूस. तरी 1308 ते 1322 या काळात तो दिल्लीत निजामुद्दीन औलियांपुढे श्रोता म्हणून बसत राहिला. त्या ऐकण्यातूनच ‘फवाइद-उल-फुआद’ हा ग्रंथ झाला.

पुढे या शब्दात वाचनही सामावलं, त्याला हरकत नाही. छापील मजकूर हेही दुसऱ्याचं बोलणंच. हरकत आहे ती निमंत्रणपत्रिकांतल्या ‘बहुश्रुत वक्त्यां’ना. आपलं भाषण उरकून, इतरांचं न ऐकता निघून जाणाऱ्यालाही हे विशेषण सर्रास लावतात. त्याला हवं तर विद्वान म्हणा, बहुश्रुत नको.