पाण्यावरून टेकऑफ, जमिनीवर लँडिंग : रिमोटवरचं सीप्लेन उडतं तरी कसं?

2014 मध्ये नगर जिल्ह्यात एका विमानाची चर्चा होती. मुंबईच्या जुहू विमानतळावरून उडायचं आणि थेट राहुरी तालुक्यातल्या मुळा धरणाच्या पाण्यावर उतरायचं. शिर्डी, शिंगणापूरला जाणाऱ्या भाविकांसाठी अशी सीप्लेन सेवा जाहीर झाली होती.

जमीन आणि पाणी दोन्हीवर उतरणाऱ्या अशा विमानाला अँफिबियन म्हणतात. त्याची रिमोटवर चालणारी छोटी मॉडेल्सही मिळतात. पण ती उडवायची कशी?

जमिनीवरून सोपं, पाण्यावरून अवघड

जमिनीवर चाकं फिरतात, वेग मिळतो, विमान उठतं. फोमची हलकी मॉडेल्स तर ओल्या गवतावरून घसरतही उडतात. पाणी मात्र विमानाला धरून ठेवतं.

यावर उपाय म्हणून विमानाच्या पोटाला किंवा खालच्या फ्लोट्सना एक पायरी असते. वेग वाढला की विमान वर उचललं जातं आणि फक्त पायरीपुढचा भाग पाण्याला टेकतो. पाण्याची पकड सुटते आणि विमान स्पीडबोटीसारखं घसरू लागतं.

म्हणून सुरुवातीला एलिव्हेटर ओढून नाक वर ठेवायचं, थ्रॉटल हळूहळू वाढवायचा. विमान घसरू लागलं की एलिव्हेटर सैल सोडायचा आणि पुरेसा वेग आल्यावरच अलगद ओढायचा. टेकऑफ आणि लँडिंग, दोन्ही वाऱ्याच्या दिशेला तोंड करूनच.

गंमत म्हणजे आरशासारखं शांत पाणी त्रासदायक ठरतं. उतरताना उंचीचा अंदाज येत नाही आणि उडताना पकड लवकर सुटत नाही. बारीक लहरी असलेल्या बऱ्या.

सगळ्यात महागात पडणारी चूक

चाकं बाहेर ठेवून पाण्यावर उतरणं. चाकं पाण्यात रुततात आणि विमान उलटतं. त्यामुळे प्रत्येक लँडिंगआधी एकच प्रश्न : खाली जमीन आहे की पाणी?

मग मुळा धरणावर उडवायचं का?

थांबा. धरणाजवळच लष्कराचं के. के. रेंज हे सराव क्षेत्र आहे, तर जिल्ह्यातच काकडी इथे शिर्डी विमानतळ आहे. ड्रोन नियम 2021 मध्ये रिमोटवरची मॉडेल विमानंही येतात. मॉडेलचं वजन 25 किलोपर्यंत असावं आणि ते नजरेच्या टप्प्यातच उडवावं लागतं. आधी डिजिटल स्कायचा नकाशा बघा. जागा रेड झोनमध्ये असेल तर केंद्र सरकारच्या परवानगीशिवाय उडवता येत नाही. ग्रीन झोनमध्येही 400 फुटांची मर्यादा आहे. शिवाय धरणाच्या पाण्यासाठी पाटबंधारे खात्याला विचारा.

आणि विमान मध्येच बंद पडलं तर? पोहत जाऊन आणायच्या भानगडीत पडू नका. धरणाचं पाणी वरून शांत दिसतं, पण खाली गाळ आणि अचानक वाढणारी खोली असते. वारा बऱ्याचदा मॉडेल काठाला आणून सोडतो. नाहीच आलं तर लाइफ जॅकेट घालून, बोटीतूनच आणायचं.