सोळावा गडी

टॉमस ह्यूजच्या ‘टॉम ब्राउन्स स्कूल डेज’ (१८५७) या कादंबरीचा उल्लेख इंग्रजी वाङ्मयाच्या वर्गात बहुधा ‘बालसाहित्याचा उगम’ किंवा ‘साम्राज्याची शाळा’ अशा मथळ्याखाली होतो. त्यातल्या फुटबॉलच्या सामन्याकडे आम्ही येथे वेगळ्या कारणाने वळत आहोत. रग्बी शाळेत त्याच दिवशी दाखल झालेला टॉम गोलाजवळच्या मुलांत उभा राहतो आणि अखेरीस चेंडूवर झेप घेऊन ढिगाऱ्याखाली चेंगरला जातो. त्या सामन्यात दोन्ही बाजूंची संख्या समान नाही आणि कोणाला त्याचे वैषम्यही वाटत नाही. वसतिगृहात राहतो तो प्रत्येकजण खेळतो. जिथे कोणी बाहेर उरतच नाही, तिथे ‘बदली खेळाडू’ ही कल्पना संभवत नाही. तिचा जन्म होण्यासाठी आधी मोजणी व्हावी लागते.

ती मोजणी हळूहळू झाली. रग्बी शाळेचे नियम प्रथम १८४५ मध्ये लिहिले गेले, रग्बी फुटबॉल युनियन १८७१ मध्ये स्थापन झाली आणि १८७७ पासून आंतरराष्ट्रीय सामने पंधरा-पंधरा जणांचे झाले. पंधरा म्हणजे पंधराच. एखाद्याचा हात मोडला तर संघाने चौदांनिशी खेळावे, असा दंडक पुढे जवळजवळ नव्वद वर्षे टिकला. आज तो क्रूर वाटतो. पण त्याच्या बुडाशी न्यायाचीच एक कल्पना होती, हे ध्यानात घेतले पाहिजे. दुखापत हा दैवाचा भाग आणि दैव दोघांनाही सारखेच. शिवाय बदलीची मुभाच नसेल, तर दुखापतीचे सोंग घेऊन काही मिळत नाही. आपल्या ‘खिलाडूवृत्ती’ या शब्दात हीच जुनी छटा आहे. तो शब्द खेळाडूच्या मनाविषयी बोलतो, हार हसत सोसण्याविषयी बोलतो. नियम कोणी करावा आणि कोणासाठी करावा याविषयी तो मौन बाळगतो.

हा दंडक १९६८ मध्ये सैल झाला. ८ जून १९६८ रोजी प्रिटोरिया येथे दक्षिण आफ्रिकेविरुद्धच्या कसोटीत लायन्स संघाच्या बॅरी जॉनचे कॉलरबोन मोडले आणि त्याच्या जागी आयर्लंडचा माइक गिब्सन उतरला. आंतरराष्ट्रीय रग्बीतला हा पहिला अधिकृत बदली खेळाडू. सवलत केवळ जखमींसाठी होती, म्हणजे दया दाखवण्यासाठी होती; पण दयेबरोबर एक नवा प्रश्न मैदानात आला. जखमी कोण, हे ठरवायचे कोणी? पूर्वी हा प्रश्न निरर्थक होता. आता कोणाच्या तरी शब्दावर विश्वास ठेवणे भाग पडले. १९९५ मध्ये खेळ व्यावसायिक झाला, आणि पाठोपाठ डावपेचासाठीही खेळाडू बदलण्याची मुभा आली.

त्या विश्वासाचे पुढे काय झाले, ते १२ एप्रिल २००९ रोजी लंडनमध्ये दिसले. हायनेकेन चषकाच्या उपांत्यपूर्व सामन्यात हार्लेक्विन्स संघ लेन्स्टरविरुद्ध ५–६ असा पिछाडीवर होता. त्यांचा हुकमी किकर निक एव्हान्स आधीच बाहेर गेला होता. नियमानुसार तो परतू शकत नव्हता. अपवाद एकच, कोणाला रक्तस्राव झाला तर तात्पुरती बदली म्हणून. टॉम विल्यम्सने तोंडात खोट्या रक्ताची कुपी फोडली आणि एव्हान्स आत आला. बाहेर जाताना विल्यम्सने मारलेला डोळा कॅमेऱ्याने टिपला. कुप्या गमतीच्या वस्तूंच्या दुकानातून आणल्या होत्या. पुढे बनाव खरा वाटावा म्हणून कपडे बदलण्याच्या खोलीत त्याचा ओठ खरोखरच कापण्यात आला. सामना तर हार्लेक्विन्सने गमावलाच. संचालक डीन रिचर्ड्स यांच्यावर तीन वर्षांची बंदी आली. विल्यम्सची बारा महिन्यांची बंदी, त्याने सत्य सांगितल्यावर, चार महिन्यांवर आली. या हकिगतीत आम्हांस सर्वांत बोचते ती कुपी नव्हे, तो ओठ. नियम शरीराच्या रक्षणासाठी होता. तो पाळल्याचे दाखवण्यासाठी शरीरालाच जखम करावी लागली.

मुलांच्या खेळात मात्र खोटेपणा उलट्या दिशेने वाहतो. तेथे कोणी जखमी असल्याचे सोंग सहसा करीत नाही. सोंग करतात ते जखमी नसल्याचे. जानेवारी २०११ मध्ये उत्तर आयर्लंडमधील एका शालेय सामन्यात चौदा वर्षांचा मुलगा डोक्याला मार लागल्यावरही खेळत राहिला, अखेरीस कोसळला आणि दगावला. पहिल्या आघातातून मेंदू सावरण्याआधीच दुसरा आघात झाल्याने मृत्यू ओढवला, असे २०१३ मधील चौकशीतून पुढे आले. बदलीची मुभा होती. पण मुभा आणि सक्ती यांत अंतर असते. हुशारी नाहीशी झालेल्या मेंदूलाच ‘तू ठीक आहेस ना?’ असे विचारले, तर उत्तर काय येणार?

म्हणून वयोगटांचे नियम प्रौढांच्या नियमांची छोटी आवृत्ती राहिले नाहीत. एकोणीस वर्षांखालील सामन्यांत स्क्रम, म्हणजे दोन्ही बाजूंच्या आघाडीच्या खेळाडूंची ती रेटारेटी, दीड मीटरपलीकडे ढकलता येत नाही. बाहेर गेलेल्या मुलाला पुन्हा आत घेता येते. इंग्लंडमध्ये ‘हाफ गेम’ या नावाचा नियम आहे: चमूत नाव असलेल्या प्रत्येक मुलाला किमान अर्धा वेळ खेळायला मिळालेच पाहिजे. प्रशिक्षकांची यावर कुरकुर असते, आणि ती सर्वस्वी अनाठायी नाही. चुरशीच्या सामन्यात उत्तम खेळाडू बाहेर बसवणे हा त्यालाही अन्यायच वाटतो. तरीही आमचा कौल नियमाच्या बाजूने आहे. आपल्याकडे अंगणातल्या खेळांत धाकट्याला ‘लिंबूटिंबू’ म्हणून घेत: तो धावे, ओरडे, पण त्याच्यावर राज्य येत नसे. ती माया होती खरी, पण त्याचे खेळणे हिशेबात धरले जात नसे. ‘हाफ गेम’ मुलाला हिशेबात धरतो. त्याच्या हातून चेंडू निसटला तर संघ खरोखर हरू शकतो.

आणि डोक्याच्या दुखापतीबाबत तर निवडच काढून घेतली गेली. अव्वल दर्जाच्या प्रौढ सामन्यांत २०१२ पासून प्रायोगिक रीतीने सुरू झालेली तपासणीची पद्धत आहे: खेळाडू काही मिनिटे बाहेर जातो आणि तपासणीत उतरला तर परततो. मुलांना ही वाट बंद आहे. शंका आली की मूल बाहेर, आणि त्या दिवशी परत आत नाही. कर्णधार रडवेला झाला तरी नाही, पालक कडेला उभे राहून ओरडले तरी नाही, मैदानात डॉक्टर हजर असला तरी नाही.